वाघदेवाचं तोंड रानाकडेच हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी आपल्या साल्हेरसह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्या बातमीचं आपल्या दैनिकातलं पान मी जपून ठेवलं आहे. बागलाणातल्या डोंगराचं नाव पॅरिसच्या सभेत घेतलं गेलं, याचा आनंद कोणत्या नाशिककराला होणार नाही? त्याच अधिवेशनात, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियातलं मुरुजुगा हे ठिकाणही यादीत आलं. तिथल्या आदिवासींनी खडकांवर कोरलेली दहा लाखांहून जास्त चित्रं तिथं आहेत. ती बातमी मी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत शोधली, मला दिसली नाही. शोधायला कारण होतं. महिनाभरापूर्वीच मी त्या खडकांपुढे उभी होते, आणि तिथं मला सारखी आठवण येत होती ती आमच्या गावच्या शिवेवरच्या, दगडात कोरलेल्या वाघदेवाची. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

मी पेठ तालुक्यातली, कोकणा या आदिवासी समाजातली. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पेठ, सुरगाणा आणि शेवटी दिंडोरी. आता म्हसरूळला राहते. मुलगी परिचारिका आहे, नोकरीसाठी कराथा नावाच्या गावी असते. पर्थहून उत्तरेला विमानानं दोन तास. मे-जूनमध्ये तिच्याकडे राहायला गेले होते. एका सुट्टीच्या दिवशी तिनं मला भल्या पहाटे उठवलं. चित्रं पाहायची तर ऊन तिरपं असतानाच, सूर्य डोक्यावर आला की दगड कोरा दिसतो, असं तिला बरोबरच्या लोकांनी सांगितलं होतं.

मुरुजुगा म्हणजे बरप द्वीपकल्प आणि त्याच्या भोवतीची डॅम्पियर बेटं. तिथल्या भाषेत या नावाचा अर्थ ‘बाहेर आलेलं खुब्याचं हाड’. जमीन खरोखर तशीच दिसते. झाड नाही, माती नाही, नुसत्या तांबड्या-तपकिरी दगडांच्या राशी आणि मधून काटेरी गवताचे झुपके. पाहणाऱ्यांसाठी एका घळीतून जमिनीपासून उचललेली पायवाट केली आहे, चाकाच्या खुर्चीतला माणूसही तीवरून जाऊ शकतो. पहिली काही पावलं मला काहीच दिसलं नाही. मग मुलीनं बोट दाखवलं, तिथं कासव होतं. आणि एकदा ते दिसल्यावर सगळीकडेच दिसू लागलं. मासे, कांगारू, एमू पक्ष्याच्या पायाचे ठसे, माणसाचे चेहरे.

कोरण्याची रीत मला लगेच कळली, कारण लहानपणी पाट्याला टाकी लावणाऱ्याच्या शेजारी मी तासन्‌तास बसलेली आहे. दगडाची वरची गडद साल एकेक टोचा मारून काढायची, की आतला फिकट दगड उघडा पडतो. चित्र त्या फिकट टोच्यांचं. तिथला दगड इतका कठीण आणि इतका सावकाश झिजणारा, की काही चित्रं ५०,००० वर्षांपर्यंत जुनी मानली जातात. हिमयुगात समुद्र तिथून शंभराहून जास्त किलोमीटर लांब होता. मग पाणी वर चढत आलं, डोंगर बेटं झाले, आणि खडकांवर मासे आणि कासवं वाढत गेली. समुद्र आत आल्याची नोंद लोकांनी दगडावर ठेवली आहे. मुरुजुगाच्या खडकांवर पाठीवर पट्टे असलेला थायलासिन हा प्राणीही कोरलेला आहे. लोक त्याला तस्मानियन वाघ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच गेला, खडकावर मात्र अजून आहे. पेठ-सुरगाण्याच्या रानातूनही पट्ट्याचा वाघ कधीच गेला, बिबटे उरले. आमच्या शिवेवरच्या दगडावर मात्र तो होता.

या जागेच्या मूळ मालकांच्या पाच समूहांना मिळून एक नाव आहे, ङार्दा-ङार्ली. शिक्षिका म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ङ’पासून सुरू होणारा एकही शब्द मी ३४ वर्षांत मुलांना देऊ शकले नाही. मुलं विचारायची, बाई, मग हे अक्षर कशाला? आणि त्या घळीचं नाव ङाजर्ली, लोकांचं नाव ङार्दा-ङार्ली! पाटी दाखवणारा तिथला आदिवासी वनरक्षक ते नाव घेत होता आणि मला माझा पहिलीचा वर्ग दिसत होता.

त्याच्याशी माझं बोलणं मुलीच्या मध्यस्थीनंच झालं. त्यानं सांगितलं की ही चित्रं त्यांच्या दृष्टीनं माणसांनी काढलेली नुसती चित्रं नव्हेत. ज्या पूर्वजांनी ही भूमी घडवली, त्यांचे नियम त्यांत आहेत. कुणी कुठं शिकार करायची, पाणी कुठं आहे, कुणाशी नातं जुळतं. काही जागा फक्त पुरुषांच्या आहेत, काही फक्त बायकांच्या, आणि काही बाहेरच्या कुणालाच दाखवत नाहीत. मुलीला हे जरा विचित्र वाटलं. मला मुळीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट ऐकून मात्र मी पायवाटेवरच बसले. या भूमीवरचे मूळ लोक याबुरारा. १८६८ च्या फेब्रुवारीपासून पुढचे काही महिने सरकारच्या परवानगीनं सशस्त्र टोळ्यांनी त्यांची कत्तल केली. ज्यांना हे दगड सर्वांत चांगले वाचता येत होते, त्यांनाच मारलं. पुढे या जागेची राखण शेजारच्या समूहांनी आपल्या अंगावर घेतली आणि आजवर सोडली नाही. २०१३ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा जमिनीची मालकी आदिवासींच्या महामंडळाच्या नावावर झाली आणि सरकारनं ती त्यांच्याकडून भाडेपट्ट्यानं घेतली. आता दोघं मिळून कारभार बघतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा त्यांचा.

आता माझ्या गावाकडे येते.

आमच्या गावाच्या शिवेवर, जिथं भाताची खाचरं संपतात आणि सागा-ऐनाचं रान सुरू होतं, तिथं वाघदेव उभा होता. कमरेएवढा काळा दगड. वर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र, खाली वाघ, कडेनं नाग. माझ्या आजोबांच्या आजोबांनी तो तिथंच उभा पाहिलेला. हे वर्णन मी वडिलांकडून ऐकलं होतं, कारण आमच्या गावात वाघदेवाच्या जागी बायकांनी जायचं नाही. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात, पुरुष शिवेवर जातात, खीर तिथंच शिजते, कोंबडा तिथंच कापतात, उरलंसुरलं घरी आणत नाहीत. पोरांतलाच एक वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा, आणि बाकीची पोरं आरडाओरडा करत त्यांना रानाकडे पिटाळतात. आम्ही मुली लांब बांधावर उभ्या राहून त्या आरोळ्या ऐकायचो. मला कधी त्यात कमीपणा वाटला नाही. ज्यांना वाटतो त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मुरुजुगाच्या वनरक्षकाचं म्हणणं मला का चटकन कळलं, एवढंच सांगते आहे.

दगडावरच्या वाघाचं तोंड रानाकडे होतं. वडील सांगायचे, आपण त्याला बोल दिलाय आणि त्यानं आपल्याला. दगडाच्या पलीकडे तुझं, अलीकडे आमचं. आमची गुरं तुझ्या रानात चरायला येतील, त्यांना संध्याकाळी परत पाठव. हा बोल त्या जागी, त्या दिशेला तोंड करून दिलेला आहे. म्हणून दगड शिवेवर.

दीड वर्षापूर्वी रस्ता रुंद करताना जेसीबीनं तो दगड उचलला. गावाला कुणी विचारलं नाही. पुरुष माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे गेली होती. माझ्या भावाचा संध्याकाळी फोन आला, देव जागेवर नाही. दोन दिवस शोध घेतल्यावर तो एका खात्याच्या आवारात सापडला. मी निवृत्त शिक्षिका, अर्ज-विनंत्या लिहिता येतात, म्हणून भाऊ मला बरोबर घेऊन गेला. डांबराच्या पिंपांशेजारी, लोखंडी सळ्यांच्या ढिगाला टेकवून दगड आडवा टाकलेला होता, वाघाचं तोंड भिंतीकडे. भाऊ म्हणाला, ताई, तू बाहेर थांब. पण तोवर माझी नजर गेली होती. ६१ वर्षं ज्या देवाच्या जवळ गेले नाही, त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. त्या रात्री मी जेवले नाही आणि हे मी आजवर गावात कुणाला सांगितलंही नाही.

तिथले साहेब उद्धट नव्हते, हे नमूद केलं पाहिजे. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मनापासून म्हणाले, बाई, फोडून खडी करता आली असती, आम्ही जपून ठेवलाय. त्यांच्या मते त्यांनी दगड वाचवला होता. आम्ही ग्रामसभेचा ठराव दिला, दोन अर्ज दिले. उत्तर आलं की सदर दगड कोणत्याही संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही, त्यामुळे तो परत बसवण्याबाबत कार्यवाही करता येत नाही. गेल्या वाघबारशीला पोरं रस्त्याच्या कडेला, मुरूम भरलेल्या खड्ड्याशी जमली. वाघ कुणी झालंच नाही. आमच्या चुलत्यांनी मुरमावरच शेंदूर वाहिला.

कराथाजवळ हर्सन कोव्ह नावाचा समुद्रकिनारा आहे. १९८० च्या सुमारास गॅस प्रकल्पासाठी जागा मोकळी करताना कोरीव चित्रांचे शेकडो दगड उचलून या किनाऱ्याजवळ तारेच्या कुंपणात आणून ठेवले गेले. वर्षानुवर्षं ते तिथं होते, तुटले नव्हते, चोरीला गेले नव्हते. मुलीनं परतताना मला ती बाजू दाखवली तेव्हा मी तिला म्हटलं, गाडी थांबवू नकोस. डांबराच्या पिंपांचा वास मला तिथं, समुद्राच्या काठी आला. कुंपणात दगड राहतो. तो कुणाच्या शेजारी होता, कुणाकडे बघत होता, पाण्याची वाट कुठल्या बाजूला सांगत होता, ते राहत नाही. आमचा वाघ भिंतीकडे तोंड करून कुणाला सांगणार, गुरं परत पाठव म्हणून?

तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. घळीतून वर आलं की प्रकल्पाची ज्योत दिसते. कारखान्यांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंमुळे आम्ल तयार होऊन दगडाची साल खाल्ली जाईल, असं काही शास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत आहेत, काहींना ते पटत नाही. यादीत नाव येऊन दोन महिने होतात न होतात तोच, सप्टेंबरमध्ये, सरकारनं तो प्रकल्प २०७० पर्यंत चालवायला अटींसह मान्यता दिली. म्हणजे नुसतं यादीत नाव येऊन भागत नाही. पण तिथं निदान कोणत्याही चर्चेत ङार्दा-ङार्ली लोकांना वगळून बोलता येत नाही. ते टेबलापाशी बसलेले असतात. जागतिक वारशाचा प्रस्तावही त्यांच्याच पुढाकारानं गेला.

आपल्याकडे राजांनी, सावकारांनी, भिक्षूंनी कोरलेलं तेवढंच कोरलेलं धरतात. पांडवलेण्यांच्या २४ लेण्यांना पहारा आहे, फलक आहे, तिकीट आहे, आणि ते योग्यच आहे. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आपल्या शहरात आहे याचा मला अभिमान आहे, मी मुलांच्या सहली तिथं नेल्या आहेत. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरीच्या काही मंडळींनी वर्षानुवर्षं पायपीट करून, गावकऱ्यांना विचारत ती शोधली, म्हणून ते झालं. आमच्या डोंगरातल्या शिवेवरच्या देवांना मात्र ना फलक ना यादी. त्याच वेळी शहरातल्या भिंतींवर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर वारली चित्रं रंगवलेली मी बघते. ती काढणाऱ्या मुलांच्या हातात कला आहे, त्यांना काम मिळतं, चांगलंच आहे. पण ज्या आदिवासींची रेघ शहराला शोभेसाठी हवी, त्यांचा देव रस्त्याच्या कामात उचलताना त्यांना एक शब्द विचारू नये?

दोष आमच्याकडेही आहे. पलीकडच्या एका गावात वाघदेवाला तैलरंगाचे दोन हात दिले, पिवळा वाघ, काळे पट्टे. खालची कोरीव रेघ आता बोटालाही लागत नाही. आणखी एका ठिकाणी फरशा बसवून, पत्र्याचं छप्पर घालून ‘जीर्णोद्धार’ झाला, आणि देणगीदारांची नावं देवापेक्षा मोठी. आणि आता सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर येणारी मुलं देवाच्या अंगाखांद्यावर बसून रील काढतात, जागेचा नकाशा टाकतात. पाठोपाठ गुप्तधनवाले येतात आणि रात्री दगडाखाली खणतात. मुरुजुगात कोणती जागा दाखवायची आणि कोणती नाही, हे तिथले लोक ठरवतात. आमच्या गावांनाही ते ठरवता आलं पाहिजे. म्हणून मी माझ्या गावाचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण २०२७ चा सिंहस्थ. त्र्यंबकेश्वरकडे, पेठकडे, दिंडोरीकडे रस्त्यांची कामं निघाली आहेत, निघणार आहेत. रस्ते हवेतच. आमच्या बाळंतिणींना झोळीतून आणताना मी पाहिलं आहे, रस्त्याला मी कशी विरोध करीन? पण पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरी, बागलाणचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ प्रमाणे आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नेही ग्रामसभेवर सांस्कृतिक वारसा राखण्याची जबाबदारी टाकली आहे. नवा कायदा कुणी मागत नाही. रस्त्याची आखणी होते तेव्हा विहिरी, झाडं, विजेचे खांब मोजतात. तेव्हाच ग्रामसभा बोलावून एक प्रश्न विचारावा: तुमचे देव कुठं उभे आहेत? त्याला एक दिवस लागेल. मग रस्ता चार हात वळवता येतो का ते अभियंत्यांनी बघावं. नाहीच वळवता आला, तर दगड कधी, कुणी, कोणत्या विधीनं हलवायचा आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचा, हे भगत आणि गाव सांगेल. जिथं सातबाऱ्यावर जमीन सरकारची लागते, तिथं इतर हक्कात त्या जागेची नोंद करावी. तलाठी-ग्रामसेवकांना मी ओळखते, लेखी आदेश आला तर ते हे काम करतील.

आणि ही नोंद लवकर व्हायला हवी. आमच्या गावात दगडावरची रेघ वाचणारे, म्हणजे कुठला नाग कुणाच्या बोलाचा, सूर्य-चंद्र का, हे सांगणारे आता दोनच म्हातारे उरले आहेत. एकाला ऐकू येत नाही. दुसऱ्याचं बोलणं भाचा मोबाईलवर भरून घेतो आहे, आमच्याच भाषेत.

वाघबारस दिवाळीच्या तोंडावर आली आहे. त्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या गावचे पुरुष तांदूळ, शेंदूर आणि नारळ घेऊन त्या आवाराच्या फाटकाशी येणार आहेत. तसा लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. ट्रॅक्टर गावाचा, दोरखंड गावाचे, माणसं गावाची. खात्यानं फक्त फाटक उघडायचं आहे. नव्या रस्त्याच्या साइडपट्टीपासून सहा पावलं आत, रानाच्या बाजूला जागा नीट करून ठेवली आहे. ती भावानं पावलांनी मोजली. मी लांब बांधावरूनच बघितलं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
म्हसरूळ, नाशिक